ऑफिसचा साधा माऊस की स्वस्तातला गेमिंग माऊस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणाला माऊस घ्यायचा असला की मला फोन येतो. बिघडलेले माऊस उघडून बसायची मला जुनी सवय आहे, त्यामुळे आत काय असतं आणि काय आधी खराब होतं ते पाहिलेलं आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 'साधा' म्हणजे ऑफिसच्या टेबलावर असतो तो तीन बटणांचा माऊस. 'गेमिंग' म्हणजे त्या वर्गातले सुरुवातीच्या किमतीचे. स्पर्धेत वापरायचे महागडे माऊस इथे धरलेले नाहीत.

प्रश्न: दोन्हींत नेमका फरक काय असतो?

बाहेरून वाटतो तेवढा नसतो. दोन्हींच्या पोटात मांडणी एकच: तळाशी सेन्सर, दोन मुख्य बटणांखाली दोन छोटे स्विच, मधलं चाक आणि हे सगळं जोडणारा सर्किट बोर्ड. सेन्सर म्हणजे खरं तर इवलासा कॅमेरा. एलईडीच्या उजेडात तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, एका फोटोतल्या खुणा पुढच्या फोटोत किती सरकल्या ते मोजतो आणि त्या हिशोबाने पॉइंटर हलतो. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्स्प्लोरर आला तेव्हा हा वेग सेकंदाला १५०० फोटो होता, आणि पोटातली रबरी गोळी काढून पुसायच्या कटकटीतून सुटका झाली म्हणून लोक खूश होते. आज सगळ्यात साधा माऊसही याच तत्त्वावर चालतो.

फरक पडतो तो या भागांच्या दर्जात. साध्या माऊसचा वेग एकाच पातळीवर ठरलेला असतो, साधारण ८०० ते १००० डीपीआय (एक इंच सरकवल्यावर माऊस मोजतो ती पावलं). गेमिंग माऊसवर तो बटण दाबून बदलता येतो. साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेमिंगवाला बहुधा १००० वेळा. गेमिंगमध्ये अंगठ्याजवळ दोन जादा बटणं असतात, स्विच सहसा जास्त टिकाऊ असतात आणि आकार हाताला भरीव लागतो.

प्रश्न: मी गेम खेळतच नाही. मग गेमिंग माऊसचा विचार तरी का करू?

तुम्ही दिवसातून किती तास माऊस धरता, ते आधी सांगा. मेल बघणं, अधूनमधून एखादी फाइल उघडणं एवढंच काम असेल तर नावाजलेल्या कंपनीचा साधा माऊस घ्या आणि विषय संपवा. त्याहून जास्त काही लागणार नाही.

पण रोज सहा-आठ तास हात त्यावरच असेल, तर चांगला स्वस्त गेमिंग माऊस हा बऱ्याचदा उत्तम ऑफिस माऊस असतो, असं माझं ठाम मत आहे. कारण गेमशी संबंधित नाही. तो तासन्‌तास धरायचा आहे हे गृहीत धरूनच घडवलेला असतो. साध्या माऊसचं गणित वेगळं असतं. तो शेकड्याने एकदम विकत घेतला जातो, आणि घेणारा माणूस वापरणारा नसतो.

अंगठ्याच्या बटणांचं तर मी हक्काने सांगतो. कसलंही सॉफ्टवेअर न टाकता ती ब्राउझरमध्ये मागे-पुढे जायला चालतात, फोल्डरमध्येही चालतात. आठवडाभर वापरा, मग साध्या माऊसवर परत गेलात की अंगठा रिकामाच हवेत दाबत राहील.

एक अट मात्र आहे. नाव-गाव नसलेला, सात रंगांत चमकणारा, धारदार कोपऱ्यांचा 'गेमिंग' माऊस यात मोडत नाही. असे मी उघडून पाहिले आहेत. आत ऑफिस माऊसचाच सेन्सर, त्याच दर्जाचे स्विच, वर चार एलईडी आणि वजन वाढवायला लोखंडाची पट्टी. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा साधा माऊस शंभरदा बरा.

प्रश्न: एकावर १६००० डीपीआय लिहिलंय, दुसऱ्यावर १०००. पहिला सोळापट अचूक का?

नाही. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवल्यावर तो किती पावलं मोजतो ते. एक साधा हिशोब करून बघा. विंडोजचा वेग मधल्या पातळीवर असेल तर एक पाऊल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. १९२० ठिपके रुंदीचा पडदा ८०० डीपीआयला पार करायला हात सुमारे २.४ इंच न्यावा लागतो. १६०० डीपीआयला १.२ इंच. १६००० ला जेमतेम ३ मिलिमीटर. एवढ्याशा हालचालीत कुठलीही खूण नेमकी पकडणं कुणाच्याच हाताला जमणार नाही.

म्हणजे तो आकडा खोक्यावर छापायला आहे. रोजच्या कामाला ८०० ते १६०० पुरतो. पडदा फोर-के असेल किंवा दोन पडदे शेजारी लावले असतील तर २००० च्या आसपास जाल. या पट्ट्यात पातळी बदलता येणं ही खरी सोय, आणि साधा माऊस नेमका तिथेच अडतो.

अजून एक. स्वस्त माऊसवरचा मोठा आकडा कधी कधी सेन्सरचा स्वतःचा नसतो. सेन्सर मोजतो कमी, आणि मधली पावलं सर्किट हिशोबाने भरून काढतं. त्याने अचूकता वाढत नाही, पॉइंटर थरथरायला मात्र लागतो.

प्रश्न: मग अचूकता कशावरून ओळखायची?

सेन्सरच्या नावावरून. माऊसच्या सेन्सरमध्ये पिक्सआर्ट ही तैवानची कंपनी मोठी आहे, आणि बरेच माऊस बनवणारे तिचेच सेन्सर वापरतात. स्वस्त गेमिंग माऊसच्या माहितीत ३३२५, ३३२७, ३३६० असे आकडे दिसतात. यातला ३३६० बराच वरचा, बाकीचे दोन कामचलाऊ नव्हे तर चांगलेच आहेत. काही मोठ्या कंपन्या आपलं वेगळं नाव देतात, त्यालाही हरकत नाही. पण माहितीच्या पानावर सेन्सरचा उल्लेखच नसेल आणि दिव्यांच्या रंगांवर मात्र तीन ओळी असतील, तर तिथून पुढे सरका.

प्रश्न: १२५ हर्ट्झ आणि १००० हर्ट्झ यातला फरक डोळ्यांना कळतो का?

१२५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा कळवणारा, माऊस दर ८ मिलिसेकंदांनी आपली जागा सांगतो, १००० चा दर एका मिलिसेकंदाने. नेहमीचा ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, म्हणजे दोन चित्रांच्या मधे साध्या माऊसचीही दोन निवेदनं येऊन गेलेली असतात. टायपिंगच्या आणि हिशोबाच्या कामात फरक जाणवायचं कारण नाही.

पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर चित्र दर ६.९ मिलिसेकंदांनी बदलतं. आता माऊस मागे पडला. काही चित्रांना नवी जागा मिळतच नाही आणि पॉइंटर बारीक उड्या मारत जातो. असा पडदा घेतला असेल तर गेम खेळत नसलात तरी साधा माऊस त्याला शोभत नाही.

प्रश्न: साध्या माऊसवर गेम खेळता येतातच ना?

येतात. पत्ते, कोडी, बुद्धिबळ, सावकाश चालणारे डावपेचांचे खेळ, सगळं येतं. अडचण फक्त वेगवान नेमबाजीच्या खेळांत. तिथे हात एकदम झटक्याने फिरतो आणि माऊसचा वेग कधी कधी सेकंदाला १०० इंचांच्या वरही जाऊ शकतो. साध्या माऊसमधल्या अनेक सेन्सरची मर्यादा ३० इंचांच्या आसपास असते. त्यापलीकडे दोन फोटोंमध्ये जुळणारी खूणच सापडत नाही, आणि पॉइंटर भलतीकडे पळू लागतो. चूक खेळाडूची नसते. स्वस्तातल्या चांगल्या गेमिंग माऊसची हीच मर्यादा १०० ते २०० इंचांची असते.

प्रश्न: सगळे आकडे बाजूला ठेवले तर काय बघू?

तुमचा हात. हाच प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, आणि माझ्या मते बाकी सगळं याच्यानंतर येतं.

आधी माप घ्या. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर हात लहान, २० च्या पुढे असेल तर मोठा. माऊसची लांबी हाताच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी असा एक ढोबळ हिशोब आहे. १८ सेंटिमीटरच्या हाताला साधारण ११ सेंटिमीटरचा माऊस. यात थोडं इकडेतिकडे चालतं, पण लहान हाताला तेरा सेंटिमीटरचं धूड दिलं तर बोटं ताणून बटणापर्यंत न्यावी लागतात.

मग पकड बघा. काही जण तळवा पूर्ण टेकवून धरतात, काही जण तळव्याचा मागचा भाग टेकवून बोटं पंजासारखी उभी ठेवतात, तर काही फक्त बोटांच्या टोकांनी. आत्ता हातात असलेल्या माऊसकडे न बघता तो धरा, मग खाली बघा. तीच तुमची पकड. तळवा टेकवणाऱ्याला मागे फुगीर, लांबट माऊस हवा. ऑफिसच्या चपट्या माऊसवर अशा माणसाचा तळवा दिवसभर अधांतरी राहतो, आणि संध्याकाळी हात का भरून आला ते कळत नाही. बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला मात्र तोच चपटा माऊस आवडू शकतो, आणि फुगीर गेमिंग माऊस त्याला अडगळ वाटतो.

वजनाचंही असंच. केबल सोडून ८० ते १०० ग्रॅम हे बहुतेकांना ठीक वाटतं. वायरलेस माऊसमध्ये एक डबल ए सेल म्हणजे साधारण २३ ग्रॅमची भर, आणि ती बहुतेकदा मागच्या बाजूला. दोन सेलचा माऊस उचलून ठेवायची सवय असेल तर हे चांगलंच जाणवतं.

शक्य असेल तर दुसऱ्या कुणाचा माऊस अर्धा तास वापरून बघा. दुकानात दोन मिनिटं धरून सगळेच छान वाटतात.

प्रश्न: मनगट दुखतं. गेमिंग माऊसने थांबेल का?

तशी आशा ठेवून घेऊ नका. हाताला बसणारा आकार मदत करतो, पण दुखण्याचं मूळ बऱ्याचदा टेबलाच्या उंचीत असतं. कोपर साधारण काटकोनात, कोपरापुढचा हात टेबलाला टेकलेला आणि मनगट सरळ, असं बसता येतंय का बघा. माऊस कीबोर्डच्या जवळ ओढा. उजवीकडे अंकांचं पॅड असलेला लांब कीबोर्ड माऊसला नेहमी बाहेर ढकलतो. उभा, हस्तांदोलनासारखा धरायचा माऊसही काहींना मानवतो. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री जाग येत असेल, तर माऊस शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं. हा आजार कुठल्या माऊसला कमी होतो?

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त याच तक्रारीचे असतात. स्विचच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते. बटण दाबलं की ती टचकन खाली जाऊन दुसऱ्या टोकाला टेकते. टेकताना ती बारीक उड्या मारते, म्हणून सर्किट काही मिलिसेकंद थांबून मगच 'क्लिक झालं' असं मानतं. कालांतराने पट्टीचा ताण ढिला होतो, टोकावर गंज किंवा काजळी धरते, आणि उड्या त्या थांबण्याच्या वेळेपेक्षा लांबतात. संगणकाला दोन क्लिक दिसतात.

ओमरॉन, हुआनो, कैल्ह या स्विच बनवणाऱ्या माहितीतल्या कंपन्या. गेमिंग माऊसवर एक कोटी, दोन कोटी, पाच कोटी क्लिक असे आकडे लिहिलेले असतात. दिवसाला ५००० क्लिक धरले तर एक कोटीला २००० दिवस लागतात, म्हणजे सुट्ट्या न धरताही साडेपाच वर्षं. प्रत्यक्षात दमट हवेत, धुळीत, घामट बोटांखाली स्विच त्याच्या खूप आधी कुरकुरतात, कारण ते आकडे यंत्राने कोरड्या जागी ठोकून काढलेले असतात. माझा स्वतःचा एक भारीपैकी गेमिंग माऊस चौदाव्या महिन्यात डबल क्लिक करू लागला. टेबलावरचा जुनापुराणा ऑफिस माऊस अजून चालतोय.

म्हणून आकड्यापेक्षा वॉरंटी किती वर्षांची ते बघा. आणि जमलं तर ऑप्टिकल स्विचचा माऊस घ्या. त्यात धातूला धातू टेकून क्लिक ठरत नाही. पट्टी प्रकाशाची तिरीप अडवते किंवा मोकळी करते, त्यामुळे हा आजार मुळातच होत नाही. स्वस्त वर्गातही आता असे माऊस दिसू लागले आहेत. सोल्डरिंग येत असेल तर बिघडलेला साधा स्विच तीन पाय वितळवून अर्ध्या तासात बदलता येतो.

प्रश्न: ऑफिसात शेजाऱ्यांना क्लिकचा आवाज खटकतो.

इथे साधा माऊस सरळ जिंकतो. मूक स्विचचे ऑफिस माऊस भरपूर मिळतात. गेमिंगवाल्यांना ठसठशीत टकटक आवडते, त्यामुळे त्या वर्गात शांत माऊस क्वचितच सापडतो. रात्री बाळ झोपलेल्या खोलीत काम करणाऱ्यांनाही मी मूक माऊसच सुचवतो.

प्रश्न: दिवसभर एक्सेल आणि लांबलचक कागदपत्रं. काय घेऊ?

मग चाकाकडे बघा. गेमिंग माऊसचं चाक सहसा कडक, खाचाखाचांनी फिरणारं असतं. खेळात एक खाच म्हणजे एक हत्यार, म्हणून तसं. हजारो ओळींच्या तक्त्यात तेच चाक बोटाला जड जातं. काही ऑफिस माऊसचं चाक खाचा सोडून मोकळं भिरभिरतं, तर काहींचं डावी-उजवीकडे कलतं आणि तक्ता आडवा सरकतो. ही कामं करणाऱ्याने मी वर केलेली गेमिंगची शिफारस बाजूला ठेवून असा माऊस शोधावा.

नकाशे आणि यंत्रांची ड्रॉइंग करणाऱ्यांनी चाक दाबून बघावं. तिथे ते मधलं बटण दिवसातून हजारदा दाबलं जातं, आणि ते कडक असलं की मधलं बोट बोलायला लागतं.

प्रश्न: वायरलेस घेतला तर अडखळतो का?

चांगला २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तर नाही. ब्लूटूथ कामाला ठीक, खेळाला मंद. सेलच्या बाबतीत ऑफिस माऊस पुढे आहे. एका सेलवर वर्षभर चालणारे मी वापरले आहेत, तर दिवे पेटवलेला गेमिंग माऊस काही दिवसांत चार्जिंग मागतो.

वायरलेस माऊस अडखळतोय अशी तक्रार आली की मी आधी डोंगल कुठे लावलाय ते विचारतो. यूएसबी ३.० चे पोर्ट आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपणच काढलं होतं. शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि माऊस रांगायला लागला, तर कारण हेच. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने माऊसच्या जवळ आणा.

प्रश्न: मी डावखुरा आहे.

बहुतेक साधे माऊस दोन्ही बाजूंनी सारखे असतात, ते सरळ वापरता येतात. गेमिंगमधले बरेच उजव्या अंगठ्यासाठी वळवलेले असतात. काही दिसायला सममित असले तरी जादा बटणं फक्त डाव्या अंगावर असतात, आणि ती तुमच्या करंगळीखाली येतात. फोटो चारही बाजूंनी बघूनच घ्या.

प्रश्न: ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही. गेमिंग माऊस चालेल?

चालेल. साधी हालचाल, क्लिक आणि अंगठ्याची बटणं आपोआप चालतात. बाकी सेटिंगसाठी माऊसमध्येच मेमरी आहे का ते बघा. असेल तर घरच्या संगणकावर एकदा डीपीआय आणि दिवे हवे तसे ठरवा. माऊस ते लक्षात ठेवतो. ऑफिसात न्यायच्या माऊसचे दिवे बंदच करून ठेवा.

प्रश्न: नवा माऊस आणला, पण पॉइंटर हातात येत नाही.

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची खूण आहे. नाव अचूकतेचं असलं तरी ती करते वेगळंच: हात जितका जोरात फिरवाल तितका पॉइंटर जास्त लांब पळतो. त्यामुळे त्याच अंतराला दर वेळी वेगळं उत्तर मिळतं. ती खूण काढून टाका आणि तीन-चार दिवस द्या. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. जुन्या, मंद माऊसची ज्यांना वर्षानुवर्षं सवय आहे त्यांनी ती ठेवली तरी बिघडत नाही.

प्रश्न: जुना बिघडल्यासारखा वाटतोय, म्हणून नवा घ्यायचाय. आधी काही करून बघू?

हो, पाच मिनिटं द्या. माऊस उलटा करून सेन्सरच्या भोकात उजेड पाडा. एखादा केस अडकलेला असला तरी पॉइंटर थरथरतो, आणि तो चिमट्याने निघतो. तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांवर जमलेला काळा थर नखाने खरवडा. चाक उलटसुलट उड्या मारत असेल तर त्यात धूळ आहे. फुंकणीने हवा मारा. काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर वापरत असाल तर खाली कापडी पॅड घालून बघा, कारण पारदर्शक काचेवर एलईडीच्या सेन्सरला खूणच दिसत नाही. केबलचा असेल तर ती माऊसमधून बाहेर पडते तिथे हळूच वाकवा. वाकवताना माऊस बंद-चालू होत असेल तर आतली तार तुटली आहे. एवढं करूनही तक्रार तशीच राहिली, तर पट्टी घ्या आणि हाताचं माप लिहून ठेवा.